परमिट, कस्टोडियन आणि परतीची वाट

फाळणीचा विषय निघाला की आपल्या समाजाला एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो. ‘तुम्हाला तुमचा देश मिळाला होता, मग इथे का राहिलात?’ हा प्रश्न कधी रागाने विचारला जातो, कधी चेष्टेने, तर कधी अगदी निरागसपणे. आपल्या सभा-संमेलनांतून त्याला दिले जाणारे उत्तरही आता पाठ झाले आहे. ‘आम्हाला निवडीची संधी होती आणि आम्ही भारताची निवड केली.’ या वाक्याला टाळ्या पडतात. परंतु इतिहास शिकवणारा शिक्षक म्हणून मला वाटते, की प्रश्न आणि उत्तर या दोहोंमागे एकच चुकीचे गृहीत आहे. १९४७ च्या ऑगस्टमध्ये प्रत्येक मुसलमानासमोर दोन दरवाजे उघडे होते आणि त्याने विचारपूर्वक एका दरवाजातून जायचे होते, असे आपण समजून चालतो. प्रत्यक्षात भारत की पाकिस्तान, हे लिहून देण्याचा फॉर्म फक्त सरकारी नोकरांच्या हाती पडला होता. शेतकरी, विणकर, खलाशी, कासार, आतार, बागवान यांना असे काही कोणी विचारले नव्हते.

यावर कोणी म्हणेल, १९४६ च्या निवडणुकीचे काय? ती गोष्ट लपवण्याचे कारण नाही. त्या निवडणुकीत मुंबई प्रांतातल्या मुसलमानांसाठी राखीव असलेल्या तीसही जागा मुस्लिम लीगने जिंकल्या. हा प्रांत म्हणजे आपलाच मुलूख. कोकण, खान्देश, पुणे, सोलापूर हे सगळे त्यातच होते. परंतु १९३५ च्या कायद्यानुसार मताचा हक्क जमीन, कर आणि शिक्षण यांवर अवलंबून होता. बहुसंख्य प्रौढांना मतच नव्हते. ज्यांना होते, त्यांनीही मत दिले ते एका पक्षाला. आपले घर, शेत, कबरस्तान सोडून जाण्याला त्यांनी मत दिले नव्हते. मत देणे आणि वतन सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढच्या काळात त्या मुद्दाम एक करून सांगितल्या गेल्या.

३ जून १९४७ ची योजना पाहिली तर तिच्यात लोकसंख्येची अदलाबदल कुठेच नाही. काँग्रेसने ती मागितली नव्हती, लीगनेही मागितली नव्हती. सीमारेषा आखायला आलेले रॅडक्लिफ साहेब ८ जुलैला हिंदुस्थानात पोहोचले. त्यांचा निवाडा १७ ऑगस्टला, म्हणजे दोन्ही देशांत झेंडे फडकल्यानंतर जाहीर झाला. तोवर पंजाब पेटला होता. सप्टेंबरमध्ये दोन्ही सरकारांनी नाइलाजाने पंजाबच्या दोन भागांत माणसांची अदलाबदल मान्य केली. पुढे १९५१ च्या जनगणनांमध्ये दोन्ही देशांत प्रत्येकी सुमारे ७२ लाख निर्वासित नोंदले गेले. मृतांचा आकडा आजही वादाचा आहे. दोन लाखांपासून दहा लाखांपर्यंत आणि त्याहून अधिकही अंदाज केले गेले आहेत. पंजाबच्या या कत्तलीवर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून मी इथे थांबत नाही. मला सांगायचे आहे ते पंजाबबाहेरचे. दिल्ली, संयुक्त प्रांत, मुंबई इथल्या मुसलमानांच्या बाबतीत अदलाबदलीचा कसलाही करार झालेला नव्हता. कागदोपत्री ते जिथे होते तिथलेच होते.

दिल्लीत मात्र सप्टेंबर १९४७ मध्ये जे झाले, त्याने कागदाचा अर्थच बदलला. पंजाबातून लुटून-मारून आलेले हिंदू-शीख निर्वासित शहरात भरले होते. मुसलमानांची घरे, दुकाने, मशिदी यांवर हल्ले झाले आणि हजारो मुसलमान जीव मुठीत धरून पुराना किल्ला आणि हुमायूनच्या मकबऱ्यात गोळा झाले. एकेकाळचे शहरवासी आपल्याच शहरात निर्वासित झाले. बेगम अनीस किदवाई यांनी या छावण्यांत काम केले. त्यांचे पती शफी अहमद किदवाई यांचा मसुरीत खून झाला होता. ते दुःख घेऊन त्या गांधीजींकडे गेल्या आणि तिथून छावणीत आल्या. ‘आज़ादी की छाँव में’ हे त्यांचे उर्दू पुस्तक आपल्या शिक्षकांनी तरी जरूर वाचावे. छावणीतून पाकिस्तानच्या गाडीत चढणारे सगळेच ‘पाकिस्तानी’ होते काय? पुष्कळांना फक्त त्या आठवड्यात जिवंत राहायचे होते. दंगा शमला की परत येऊ, असे म्हणून त्यांनी कुलपाची किल्ली सोबत नेली. १९४१ मध्ये दिल्लीत मुसलमान सुमारे ३३ टक्के होते, १९५१ मध्ये ते सहा टक्क्यांहूनही कमी उरले.

आता आपल्या महाराष्ट्रात विसरली गेलेली एक गोष्ट सांगतो. गांधीजींचे १३ जानेवारी १९४८ चे उपोषण म्हटले की आपल्याकडे फक्त पंचावन्न कोटींची चर्चा होते. नाटके होतात, व्याख्याने होतात. परंतु १८ जानेवारीला दिल्लीतल्या सर्व पक्ष-संघटनांच्या पुढाऱ्यांनी ज्या प्रतिज्ञेवर सह्या केल्या आणि जिच्यामुळे उपोषण सुटले, तिच्यात पंचावन्न कोटींचा उल्लेखही नाही. तिच्यात काय होते? मेहरौलीला ख्वाजा कुतुबुद्दीन बख्तियार काकींचा उरूस नेहमीप्रमाणे भरेल, बळकावलेल्या मशिदी परत दिल्या जातील, मुसलमानांना शहरात निर्धास्तपणे फिरता येईल, त्यांच्यावरचा व्यापारी बहिष्कार उठेल. आणि हेही होते, की जे मुसलमान दिल्ली सोडून गेले आहेत ते परत येऊ इच्छित असतील तर आमची हरकत राहणार नाही. या शेवटच्या कलमाकडे बघा. जाणारा माणूस कायमचा गेला, असे गांधीजी मानत नव्हते. मेवातच्या मेवांनाही ते १९ डिसेंबर १९४७ रोजी घासेडा गावी जाऊन थांबा म्हणाले होते, आणि त्यांच्यामागे आपले विनोबाजी मेवांच्या पुनर्वसनाच्या कामाला लागले.

३० जानेवारीला गांधीजींची हत्या झाली. त्या धक्क्याने दिल्लीतला हिंसाचार खरोखरच ओसरला. १९४८ च्या वसंतात पश्चिम पाकिस्तानातून मुसलमान परतू लागले. कोणी लाहोरहून, कोणी कराचीहून, कोणी सिंधच्या वाळवंटातून खोखरापार-मुनाबावच्या वाटेने. ते परत आले तर त्यांच्या घरात दुसरे कुटुंब राहत होते. तेही रावळपिंडीत आपले घर गमावून आलेले होते. फाटक हबश खान, पुल बंगश अशा मोहल्ल्यांत रिकामी घरे मुसलमानांसाठी राखून ठेवलेली होती. त्या कुलूपबंद घरांसमोर फुटपाथवर निर्वासित झोपत होते. त्यांचा संताप आपण समजून घेतला पाहिजे. परंतु सरकारने या गुंत्यावर जो तोडगा काढला, त्याने फाळणीला पुढची पाच वर्षे जिवंत ठेवले.

तो तोडगा म्हणजे परमिट. १४ जुलै १९४८ रोजी भारत सरकारने ते जाहीर केले आणि १९ जुलैला वटहुकूम निघाला. पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्याला परमिटाशिवाय प्रवेश बंद झाला. गांधीजींसमोरच्या प्रतिज्ञेला पुरते सहा महिनेही झाले नव्हते. परमिटांचे प्रकार होते. तात्पुरत्या भेटीचे वेगळे, कायम परतण्याचे वेगळे. तात्पुरते सहज मिळे, कायमचे मिळवायला मूळ गावच्या अधिकाऱ्यांची चौकशी आणि संमती लागे. आजारी आईला भेटायला तात्पुरत्या परमिटावर आलेला मुलगा मुदत संपल्यावर राहिला, तर तो आपल्याच घरात गुन्हेगार ठरे. आणि मुसलमानांचे वतन म्हणवणाऱ्या पाकिस्ताननेही ऑक्टोबर १९४८ मध्ये आपली परमिट पद्धत सुरू केली. हिंदुस्थानातून येणारे मुसलमानही त्यांना आता नको होते, कराचीत जागा उरली नव्हती. ‘तुमचा देश’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे, की त्या देशानेही दार लोटून घेतले होते.

आपल्या मुंबई-कोकणाच्या लोकांसाठी यात एक वेगळीच गंमत, खरे तर वेगळाच काच होता. १ एप्रिल १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. मुंबईहून बोटीने कराचीला जाणे म्हणजे परदेशी जाणे नव्हते. ते रत्नागिरीहून मुंबईला जाण्यासारखेच होते, फक्त बोट अधिक दिवस घेई. आमच्या नानीचा एक भाऊ कराचीच्या गोदीत कामाला होता. फाळणीच्या आधी कित्येक वर्षे तो तिथे होता, आणि दर पावसाळ्यात भातलावणीला घरी येई. त्याने पाकिस्तान निवडले नव्हते. त्याने गोदीची नोकरी निवडली होती. सीमा त्याच्या पायाखालून सरकली. पुढे तो एकदाच आला, व्हिसावर, पाकिस्तानी पासपोर्ट घेऊन. आल्याबरोबर त्याला पोलीस ठाण्यात नाव नोंदवावे लागले. नानी सांगे, की तो अंगणात बसून सारखे तारखेचे हिशेब करी.

परमिटाने माणूस अडवला, तर कस्टोडियनने घर. ‘इव्हॅक्युई प्रॉपर्टी’ म्हणजे निष्क्रांतांची मालमत्ता. सुरुवातीला या कायद्याचा हेतू चांगला होता. पळून गेलेल्यांची घरे लुटली जाऊ नयेत, ते परत येईपर्यंत सरकारने त्यांचा सांभाळ करावा, म्हणून कस्टोडियन नेमला गेला. ‘कस्टोडियन’ या शब्दाचा अर्थच रखवालदार. हळूहळू रखवालदार मालक झाला. पाकिस्तानातही हेच घडले. कराची-हैदराबादच्या सिंधी हिंदूंची घरे तिथल्या कस्टोडियनने अशीच घेतली. त्यातले कित्येक कल्याणच्या छावणीत, आजच्या उल्हासनगरला येऊन पडले. दुःखाची तुलना करण्यात अर्थ नाही. दोन्हीकडची सरकारे एकमेकांकडे बोट दाखवून कायदा अधिकाधिक कडक करीत गेली.

१९४९ चा वटहुकूम आणि १९५० चा कायदा वाचला म्हणजे अंगावर काटा येतो. १ मार्च १९४७ नंतर फाळणीमुळे किंवा दंगलीच्या भीतीने जो भारताबाहेर गेला, तो निष्क्रांत. इथवर ठीक. परंतु ज्याला पाकिस्तानात कोणा निष्क्रांताच्या मालमत्तेत खरेदी किंवा अदलाबदलीशिवाय काही हक्क मिळाला, तोही निष्क्रांत, मग तो स्वतः मुंबईतच का बसलेला असेना. याच्याही पुढे एक वर्ग होता, ‘इंटेंडिंग इव्हॅक्युई’. म्हणजे जो अजून गेलेला नाही, पण ज्याचा जाण्याचा इरादा दिसतो तो. पाकिस्तानात पैसे पाठवले वा तिथे मालमत्ता घेतली, एवढ्यावरून इरादा सिद्ध होऊ शके. अशा माणसाला आपली मालमत्ता विकण्यावर बंधन. शिवाय निष्क्रांत ठरलेल्याने १४ ऑगस्ट १९४७ नंतर केलेला व्यवहार कस्टोडियनच्या मंजुरीशिवाय टिकत नसे. साहजिकच मुसलमानाकडून घर विकत घ्यायला गिऱ्हाईक कचरू लागले, सावकार तारणावर पैसे देईना. ज्याने कधी कराचीचे तोंड पाहिले नव्हते, त्याच्याही घराची किंमत उतरली. १९७३ चा ‘गर्म हवा’ ज्यांनी पाहिला असेल, त्यांना सलीम मिर्झांची आग्ऱ्याची हवेली आठवेल. घर भावाच्या नावावर, भाऊ पाकिस्तानात, आणि आत राहणारी म्हातारी आई. इस्मत आपांनी ही गोष्ट मनाने रचली असली, तरी कायदा कल्पनेतला नव्हता.

खऱ्या घटनेचे उदाहरण हवे असेल तर मुंबईचेच घेऊ. इम्पीरियल सिनेमाचे मालक हे मुंबईचे मुसलमान व्यापारी होते. १९४९ मध्ये ते निष्क्रांत आहेत अशी खबर कस्टोडियनकडे गेली. खबर देणारा स्वतः पाकिस्तानातून आलेला निर्वासित होता आणि पहिली खबर देणारा म्हणून ते थिएटर आपल्याला मिळावे, अशी त्याची मागणी होती. प्रकरण अपिलात असतानाच मे १९५० मध्ये मालक वारले, आणि त्यांना निष्क्रांत ठरवणारा हुकूम त्यांच्या मृत्यूनंतर निघाला. वारसांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली. मेलेल्या माणसाला निष्क्रांत ठरवता येत नाही, त्याची मालमत्ता आधीच वारसांकडे गेलेली असते, असा निकाल शेवटी १९५३ मध्ये लागला. ज्याच्याकडे वकिलाचे पैसे होते, त्याची ही कथा. दोन खोल्यांचे घर असलेल्याने काय केले असेल?

याच सुमारास घटना समितीत नागरिकत्वाची कलमे आली. १० ऑगस्ट १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती मांडली, तेव्हा एखादे कलम सोडले तर दुसऱ्या कशानेही मसुदा समितीला एवढी डोकेदुखी दिली नाही, असे त्यांनी सांगितले. सहावे कलम पाकिस्तानातून आलेल्यांविषयी. १९ जुलै १९४८ पूर्वी येऊन इथेच राहिलेले आपोआप नागरिक, त्यानंतर आलेल्यांनी नोंदणी करायची. तारीख ओळखली ना? परमिटाच्या वटहुकुमाचीच. सातवे कलम १ मार्च १९४७ नंतर पाकिस्तानात गेलेल्यांविषयी. ते नागरिक नाहीत, मात्र कायम परतण्याच्या परमिटावर परत आलेल्यांना सूट. कलमात कोणत्याही धर्माचे नाव नाही. तरीही ही छोटी सूट सभागृहात काहींना सहन झाली नाही. जसपत राय कपूर यांनी तिच्यावर कडाडून टीका केली. आणि आपल्या विदर्भाचे डॉ. पंजाबराव देशमुख यांनी अशी दुरुस्ती सुचवली, की दुसऱ्या कोणत्याही देशाचा नागरिक नसलेला प्रत्येक हिंदू आणि शीख, तो कुठेही राहात असो, भारताच्या नागरिकत्वाला पात्र असावा. बहुजनांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या पंजाबरावांबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच हे वाचताना वाईट वाटते. नेहरूंनी परतणाऱ्यांच्या बाजूने भाषण केले. ज्यांना चौकशीअंती परमिट मिळाले असे लोक थोडेच आहेत आणि नियम हिंदूंसाठी एक, मुसलमानांसाठी एक असे करता येणार नाहीत, असा त्यांचा मुद्दा होता. पंजाबरावांची दुरुस्ती फेटाळली गेली. डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्वाच्या कायद्यात धर्मांची नावे आली, तेव्हा वर्तमानपत्रे वाचताना मला ते सत्तर वर्षांपूर्वीचे सभागृह आठवत होते.

परमिट पद्धत ऑक्टोबर १९५२ मध्ये संपली, ती पासपोर्ट-व्हिसा आणण्यासाठी. मग पूर्व बंगालकडची वाटही कागदात अडकली. न्यायालयांनी काही ठिकाणी हात दिला. ‘इब्राहिम वझीर मावत विरुद्ध मुंबई राज्य’ या खटल्यात १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की परमिटाशिवाय आला म्हणून भारताच्या नागरिकाला सरकारी हुकमाने देशाबाहेर घालवता येणार नाही, ती तरतूद घटनाबाह्य आहे. त्याआधीची चार-पाच वर्षे ती तरतूद कायद्यात होतीच. उलट बाजूचेही निकाल आहेत. मलबारचा मम्मू नावाचा मुलगा लहान वयात कराचीला गेला, पुढे पाकिस्तानी पासपोर्टवर परतला. १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की सातव्या कलमातल्या स्थलांतराला कायम राहण्याचा इरादा असलाच पाहिजे असे नाही. तो गेला होता, एवढे पुरेसे होते. चहाच्या दुकानांवर काम करायला केरळातली पोरे कराचीला जात, त्यांच्या वाट्याला हे आले.

मोठ्या माणसांचे निराळे होते. सज्जाद ज़हीर पक्षाच्या कामासाठी १९४८ मध्ये पाकिस्तानात गेले, रावळपिंडी कटात तुरुंगात पडले, आणि १९५५ मध्ये परत येऊन पुन्हा भारतीय झाले. कसूरचे उस्ताद बडे गुलाम अली खाँ यांना १९५७ मध्ये भारताचे नागरिकत्व मिळाले, त्यासाठी मोरारजी देसाई यांनी मदत केली. चांगलेच झाले. खाँसाहेबांच्या ठुमरीवाचून आपण दरिद्री राहिलो असतो. परंतु यावरून एवढे कळते, की दार उघडणे अशक्य नव्हते. ओळख लागत होती.

कायद्यांचा शेवट कसा झाला, तेही नोंदवतो. ‘इरादा’वाली तरतूद १९५३ मध्ये गेली. ७ मे १९५४ नंतर नवी मालमत्ता निष्क्रांत ठरवणे बंद झाले, आणि १९५० चा मूळ कायदा २००५ मध्ये रद्द झाला. मात्र १९६५ च्या युद्धानंतर ‘शत्रू मालमत्ता’ हा नवा शब्द आला, १९६८ मध्ये त्याचा कायदा झाला आणि २०१७ च्या दुरुस्तीने भारतीय नागरिक असलेल्या वारसांचाही हक्क काढून घेतला. सातवे कलम राज्यघटनेत जसेच्या तसे आहे.

या साऱ्याचा अभ्यास इंग्रजीत चांगला झाला आहे, परंतु तो बहुतेक दिल्ली आणि लखनौचा. मुंबई राज्याचा, कोकणच्या खलाशांचा, भिवंडी-मालेगावच्या विणकरांचा अभ्यास व्हायचा आहे. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तिथे सप्टेंबर १९४८ ने काय केले, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. साधने घराघरांत पडून आहेत. पत्र्याच्या ट्रंकेत, कुराण शरीफच्या जुन्या जुजदानात, शिवणयंत्राच्या खणात. परमिटाच्या प्रती, कस्टोडियनच्या नोटिसा, कराचीची पत्रे. पत्रे बहुधा उर्दूत असतात आणि मराठी किंवा इंग्रजी शाळेत शिकलेल्या नातवंडांना ती वाचता येत नाहीत. मग ती रद्दीत जातात. उर्दू शाळेत शिकवतो म्हणून मोहल्ल्यातले लोक कधीकधी असे कागद माझ्याकडे वाचायला आणतात. मागच्या वर्षी आलेले एक पत्र १९५१ चे होते. धाकट्या भावाने थोरल्याला लिहिलेले. त्यात सलाम-दुआ आहे, मुलीच्या ताजुद्दीची खबर नाही, पैशाची मागणी नाही. चार ओळींत एकच गोष्ट तीनदा लिहिली आहे. घरपट्टी भरत जा, पावती माझ्याच नावाची घे, आणि पावत्या जपून ठेव, परमिट मिळाले की मी येतोच.